सपरीतल्या मशीनी

१४ नोव्हेंबर

ही वही सेवकराम गुरुजींनी दिली. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. म्हणाले, "इंद्रकुमार, राग आला का हात नोको उचलू, पेन उचल. कोनी वाचनार नाई." समितीसमोर माझा आणि खेमराजचा समेट झाला, त्यातली ही एक अट. दुसरी अट अशी की डोकं गुंतून राहील असा एखादा छंद लावून घ्यायचा.

तर लिहितो. खेमराज माझा सख्खा धाकटा भाऊ. मागच्या पंधरवड्यात मी त्याच्या तोंडावर कुऱ्हाडीचा दांडा मारला. पातं नाही, दांडा. समितीत ही गोष्ट कोणी लक्षातच घेतली नाही. समोरचे दोन दात गेले, ओठाला टाके पडले. कारण धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मोहाचं झाड. बाबांनी वाटणी करताना भुई मला दिली आणि त्या भुईतला मोह खेमराजला. आमच्याकडे असं चालतं. म्हातारा गेला निघून, आणि दरवर्षी मार्च आला की खेमराजची बायको अल्का टोपली घेऊन माझ्या बांधीत, धानाच्या शेतात, शिरते, झाडाखालचा पाचोळा जाळते, फुलं वेचते. माझ्या भुईत, मला न विचारता. मी खेमराजला सांगितलं, यंदा झाड पाडतो. तो हसला. म्हणून दांडा.

लिहून राग कमी झाला का? नाही. हात मात्र दुखायला लागला.

२३ नोव्हेंबर

छंद सापडला. देवरीच्या एका ठेकेदाराकडे जुनी चेनसॉ पडून होती, नारंगी, बावीस इंची पट्टीची. उचलून आणली. वीस वर्षं मी कटाईचा मुकादम होतो. किती साग लोळवले त्याची गणती नाही. गुडघा गेल्यापासून हातात मशीन आली नव्हती. आज दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला ती बोंबलली, आणि माझं तरुणपण अंगात शिरलं. खोटं कशाला लिहू, डोळे ओले झाले. ठरवलं, अशा जुन्या मशीनी जमवायच्या. लोक जुनी नाणी जमवतात, मी या जमवीन.

दुर्पता, माझी बायको, आंगणात धान पाखडत होती. सत्तावीस वर्षांत माझ्या कामाचं तिनं कधी काही विचारलं नाही. आज सूप खाली ठेवून जवळ आली. "पेट्रोलमंधी हे हिरवं काय टाकून राहिले जी?"

मी समजावून सांगितलं. हिला गाडीसारखं नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात टूटी तेल मिसळावं लागतं. तेल नसलं की पिस्टन आतल्या आत घासतो, तापतो आणि धरतो, म्हणजे जागीच जाम होतो. मग ती मेली.

"कितीक येळात?"

"जोरात रेस दिली त चार-पाच मिनटात."

तिनं मान हलवली आणि पुन्हा सूप उचललं. तिला कितपत कळलं देव जाणे, पण विचारलं याचंच बरं वाटलं.

८ डिसेंबर

तीन झाल्या. दुसरी गोंदियाच्या भंगारवाल्याकडून, लाल रंगाची. तिसरी नंदलालची. तो माझ्याच टोळीत होता. सालेकसाच्या जंगलात पट्टीचं टोक फांदीला लागलं आणि मशीन उलटून त्याच्या मांडीत शिरली. मी पंच्यानं मांडी आवळून धरली होती, माझे हात कोपरापर्यंत रक्तानं भरले होते. पाय मांडीपासून कापावा लागला. मशीन त्यानं इतकी वर्षं गुरांच्या कोठ्यात पोत्याखाली ठेवली होती. "घेऊन जा मुकादम, इचा आवाज अजून माया कानात येते," म्हणाला.

घरी आणून चेन काढली आणि पट्टीच्या खाचेतून काडी फिरवली. रक्त निघेल असं वाटलं होतं. निघाला काळा भुसा. जरा हिरमुसलो.

सपरीच्या, घरापुढच्या पडवीच्या, भिंतीला खिळे ठोकून तिघी ओळीनं टांगल्या, नंदलालची मधे. पट्ट्यांची टोकं खेमराजच्या दाराकडे. घरं समोरासमोर आहेत, आंगण एकच. मशीन बसून राहिली की बिघडते, म्हणून रोज दिवस मावळायच्या आधी एकेक करून चालवतो. आवाज सुरू झाला की अल्का दार लावून घेते. लावू दे.

रीनाला फोटो पाठवला. आमची एकुलती एक मुलगी, गोंदियात नर्सिंगला आहे. दिवाळीत सगळ्या गावची पोरं घरी आली, हिलाच ड्यूटी होती म्हणे. फोटो पाहिल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही.

२१ डिसेंबर

नंदलालची मशीन मेली. रेस दिली, तिसऱ्या मिनिटाला किंचाळली आणि धरली. दोरी ओढायला गेलो तर माझाच खांदा उखडायचा बाकी राहिला. सिलिंडर उघडून पाहिला. पिस्टनवर उभे ओरखडे, कोणी नखांनी बोचकारल्यासारखे. जुनी होती, असं मनाला समजावलं. पण जेवण गेलं नाही.

दुर्पता म्हणाली, "जाऊ द्या जी. थकली असन."

३ जानेवारी

नारंगी धरली. लालही धरली. एक आपोआप मरते, तीन नाही मरत. दरम्यान बालाघाटकडून चौथी आणून ठेवली आहे, ती अजून ठणठणीत आहे.

वरून मोटारसायकल धूर मारायला लागली. रस्त्यानं गेलो की मागे निळा ढग. तिरोड्याच्या रूपेश मेकॅनिककडे नेली. त्यानं टाकीत बोट बुडवलं, वास घेतला. "काका, तुमच्या गाडीत कोनी टूटी टाकून राहिलं."

"माह्या गाडीले माह्याशिवाय कोन हात लावते बे?"

"मले का मालूम? घरी पाहा ना." आणि हसला.

'घरी पाहा' म्हणजे काय? मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो पाना घेऊन उठला तसा मी त्याचा हात धरून गाडीच्या चाकात दाबला. चाक फिरत नव्हतं, पण तारांमध्ये बोट अडकलं आणि मोडलं. कडकन आवाज आला. मला तो आवाज ओळखीचा वाटला, वाळलेली फांदी मोडते तसा. गुरुजी, पेन उचलायला उशीर झाला.

घरी आलो तर दुर्पताच्या पदराला पेट्रोलचा वास येत होता. मशीनी पुसते ती रोज, मीच सांगून ठेवलंय. एवढ्या कटकटीत तेवढं एक समाधान आहे, माझ्या छंदात बायकोनंही मन घातलं.

१९ जानेवारी

डोकं शांत ठेवून विचार केला. मशीनी मेल्यानं फायदा कोणाचा? ज्याचं झाड वाचतं त्याचा. खेमराज गोंदियाला राइस मिलमध्ये हमाली करतो, सकाळी जातो, संध्याकाळी येतो. पण त्याच्या सुटीच्या दिवशी मी बांधीवर असलो की आंगण मोकळंच असतं.

काल दुपारी तो सुटीवर घरी होता. मी त्याला आंगणात बोलावून विचारलं. म्हणाला, "दादा, तुमच्या मशीनीले कोन हात लावन? जीव जड झाला का कोनाले?" पुन्हा हसला. दात नसलेलं ते तोंड पाहून माझं टाळकं सरकलं. बालाघाटची मशीन काढली आणि त्याच्या कोठ्याचे खांब कापायला लागलो. एक, दोन, तीन. लाकूड लोण्यासारखं जात होतं. छपराचे कवेलू धडाधड खाली आले. आत कालवड बांधलेली होती, तिच्या पाठीवर लाकडाची मयाल पडली. तिचं ओरडणं मशीनवरून ऐकू येत होतं.

चौथ्या खांबाच्या अर्ध्यात मशीन धरली. ती चौथी.

अर्धा खांब उभा राहिला म्हणून कोठ्याची एक बाजू तग धरून होती. त्या बाजूनं अल्का रांगत बाहेर आली, शेण भरायला आत गेलेली. ती आत आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर थांबलो असतो का? इथं खरंच लिहायचं आहे, तर मला सांगता येत नाही.

कालवडीची कंबर मोडली होती. खेमराजनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेवटी स्वतःच कुऱ्हाड आणली. दोन घाव लागले. मग माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "मशीन धरली नसती त..." दुर्पता सपरीत उभी होती, तोंडात पदर कोंबून. मला वाटलं कालवडीसाठी रडते आहे.

२७ जानेवारी

पुन्हा समिती. गुरुजी म्हणाले, पोलिसात जा. खेमराज नाही म्हणाला, घरची गोष्ट घरात राहू द्या. गुरुजींनी मला विचारलं, वही लिहून राहिला ना? मी म्हटलं, हो.

मग मी सरळ जाहीर केलं. फुलं पडायच्या आधी, मार्चमध्ये, झाड पाडणार. गुरुजी म्हणाले, मोह तोडायला परवानगी लागते. मी म्हटलं, माझ्या भुईत मला कोणाची परवानगी?

तेव्हा अल्का बोलली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात भासऱ्यानं भावसुनेला हात लावायचा नाही, तिच्या सावलीतही उभं राहायचं नाही, आणि ती भासऱ्याशी सरळ बोलत नाही. डोक्यावर पदर ओढून तिनं भिंतीला सांगितलं, "भासऱ्याईले सांगून द्या. झाडाले टेकून उभी राहीन मी. पयले मले कापा लागन."

माणसं हसली. मी नाही हसलो. उभी राहिली तर राहू दे, असं मनात आलं, आणि ते आलं तेव्हा मला काही वाईट वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी

पाचवी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटणाऱ्या एका ठेकेदाराची, तिनं आणल्यापासून आठ दिवसांत मुंडी टाकली. सहावी मग मी डोळ्यांत तेल घालून राखली. सपरीत बाज टाकून दिवसभर बसतो. आंघोळ आणि जेवण सोडलं तर जागचा हलत नाही. खेमराज काय, कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. तरी काल सहावी धरली. करणी वगैरे मी मानत नाही. पण लिंबू बांधायला सांगितला. दुर्पतानं सुईत दोरा ओवून मुकाट्यानं बांधला.

जेवण वाढताना ती म्हणाली, "झाड राहू द्या ना जी. कोनाचं का बिघडवून राहिलं थे?" मी ताट भिरकावलं. ताट तिला लागलं नाही. ती मागे सरली आणि उंबऱ्यावर पडली. मनगट सुजलंय. मी मारलं नाही. नोंद नीट असावी म्हणून लिहितो.

तिला म्हटलं, गोंदियाला दाखवून ये, रीना आहे तिथं. ती म्हणाली, "तिले नाई दाखवत. तिनं लय पाह्यलं." काय पाहिलं, ते मी विचारलं नाही.

५ मार्च

सातवीही गेली. मोहाची पानं झडली, फांद्यांच्या शेंड्यांना कळ्यांचे घोस धरले. आठवड्याभरात फुलं पडायला लागतील.

आठवी छत्तीसगडकडून आणली, छत्तीस इंची पट्टी, दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड कापणारी. ही भिंतीला टांगली नाही. टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली, मशीन लोखंडी पेटीत ठेवली, टूटीची बाटली आणि पेट्रोलची कॅन त्याच पेटीत. कुलूप लावून किल्ली करदोड्याला बांधली. आता करा म्हणावं काय करायचं ते.

दुर्पता पेटीकडे आणि किल्लीकडे पाहत राहिली. भात करपवला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ मार्च

सकाळी मशीन भरली, खांद्यावर घेतली आणि धुऱ्यावर गेलो. दुर्पता माझ्या मागून चालत होती. अल्का आधीच झाडाला पाठ लावून उभी. डोक्यावर पदर, नजर खाली. खेमराज बाजूला, हात मोकळे. गावातली माणसं बांधीच्या पलीकडे. गुरुजी दोन-तीनदा माझं नाव घेऊन काही बोलले, मी लक्ष दिलं नाही.

एक अडचण निघाली, आणि तिचा विचार मी चार महिन्यांत केला नव्हता. अल्काला बाजूला ओढायचं तर तिला हात लावावा लागतो. भासऱ्यानं भावसुनेला हात कसा लावायचा? सगळं गाव पाहत होतं. मशीन लावायला मी तयार होतो, हात लावायला नव्हतो. आता लिहिताना हे विचित्र वाटतं आहे. तिथं उभा होतो तेव्हा वाटलं नाही.

म्हणून दुर्पताला म्हटलं, "ओढ तिले."

दुर्पता गेली. अल्काचा हात धरला. मग वळली आणि तिच्या शेजारी स्वतःच झाडाला पाठ लावून उभी राहिली.

मी म्हटलं, "बाजूले हो." ती हलली नाही. मी दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला सुरू झाली, इतक्या महिन्यांत असा साफ आवाज ऐकला नव्हता. पट्टी त्यांच्या डोक्यावर हातभर उंच खोडाला लावली. साल उडाली, दोघींच्या केसांत, खांद्यांवर पडली. अल्कानं डोळे मिटले. दुर्पताचे उघडेच. मी पट्टी काढून जरा खाली लावली. डोक्यांपासून वीतभर राहिली. एक ढलपा उडाला आणि दुर्पताच्या भुवईत लागला. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं पुसलं नाही. खेमराज पुढे धावला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. तिचे ओठ हलत होते. ती माझ्याकडे पाहून काहीतरी सांगत होती.

मशीनच्या आवाजात ऐकू येईना. ही बाई चारचौघांत कधी तोंड उघडत नाही, आणि आज सगळ्या गावासमोर बोलते आहे, ते काय बोलते आहे हे मला ऐकायचं होतं. म्हणून मी मशीन बंद केली. तेवढ्याच कारणासाठी. दया आली वगैरे काही नाही.

"काय म्हनलं?"

"सातयी मशीनी मीनं मारल्या म्हनलं."

मला वाटलं कान वाजताहेत.

"टूटीचं पेट्रोल काढून तुमच्या गाडीत टाकत होती, अन् गाडीतलं सादं मशीनीत भरत होती. तुमी आंघोळीले गेले का. तुमीच त सांगतलं होतं, चार-पाच मिनटं लागते म्हनून."

मी म्हटलं, "काऊन?"

"कोनी मराले नोको म्हनून." तिनं आता मनगटानं डोळ्यातलं रक्त पुसलं. अजूनही सुजलेल्याच मनगटानं. "आठवीले माया हात नाई पोचला. किल्ली तुमच्या कमरेले. आठ दिवस इचार केला. मंग मारासाठी एकच रायलं होतं. थे नाई झालं मायाच्यानं, म्हनून अठी येऊन उभी आहो. करा आता का करता थे."

गुरुजी आले आणि त्यांनी माझ्या हातातून मशीन घेतली. मी देऊन टाकली. कशी दिली माहीत नाही, बोटं आपोआप सुटली. परत येताना मी गुरुजींना विचारलं, "मारासाठी एकच रायलं होतं म्हंजे काय रायलं होतं?" ते चालता चालता थांबले. वर्गातल्या ढ पोराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी तू, तुयी बायको अन् तिच्या हातचा सैपाक. आनखी काय आहे, इंद्रकुमार?" म्हणाले आणि पुढे निघून गेले.

मी घरी येऊन बराच वेळ आंगणातच उभा राहिलो.

१३ मार्च

आज पहिली फुलं पडली. दुर्पता उजाडायला टोपली घेऊन गेली, अल्काबरोबर. मला विचारलं नाही. भुवईवर पट्टी आहे, रीनानं फोनवर सांगितली तशी बांधली म्हणे. म्हणजे रीना तिच्याशी बोलते. रोज बोलते, असं आता कळलं.

काल रात्री मी जेवलो नाही. भूक नाही म्हटलं. भूक होती.

ती परत आली, हात धुतले, चूल पेटवली. मी बाजेवर बसून होतो. तिथून चूल दिसत नाही, फक्त आवाज येतो. भांड्याचा आवाज, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही. त्या काहीच नसलेल्या वेळात ती काय करत होती? मी वाघाच्या रानात वीस वर्षं काढली. माणसाची मांडी फाटलेली या हातांनी धरली. आणि माझ्याच घरात, चहा होतो आहे म्हणून, मला घाम फुटला. हे लिहायला लाज वाटते, पण भीती वाटली. फार वाटली.

तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी कप उचलला. वास घेतला. चहाचाच होता. तिच्या तोंडाकडे पाहिलं. रागावली आहे की नाही, आज दिवस कसा जाणार, काही ओळखू येईना. त्या तोंडाकडे इतकं निरखून मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

"प्या ना जी. थंडा होऊन राहिला."

तिच्याकडे पाहत पाहत एकेक घोट प्यालो. तिनं कप उचलून नेला. काही झालं नाही. आता दुपारी जेवण आहे, मग पुन्हा संध्याकाळचा चहा.